आधी काट्यावर, मग टायरच्या दुकानात

शेंदूरजनाघाट, वरुड, मोर्शी या संत्रापट्ट्यात ज्यांनी जुन्या मारुतीचं किंवा नॅनोचं इंजिन घेऊन स्वतःच्या हातानं हलकी गाडी बांधायला घेतली आहे, किंवा ज्यांच्या मनात ते घोळतं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. त्यांच्या घरच्यांनीही वाचावं, कारण खर्च त्यांच्या खिशातून होणार आणि काळजीही त्यांनाच लागणार. सांगायचं एकच आहे. चाक आणि टायरचा आकार गाडीच्या वजनावरून ठरवा. दिसण्यावरून नको, रुंदीच्या हौसेवरून नको, आणि भंगारात स्वस्त मिळाला म्हणून तर मुळीच नको.

गाडी बांधण्याची हौस आपल्याला परकी नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी मोटार बांधली होती, तेव्हा देशात मोटारींचे कारखानेच बोटांवर मोजण्याइतके होते. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातल्या भागांतून किक मारून सुरू होणारी लहानशी जीप केली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि पुढच्याच महिन्यात लोहारांना तिच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली. आपल्यापासून जवळ, इंदूरशेजारच्या पीथमपूरला २००७ पासून बाहा स्पर्धा सुरू झाली आणि अभियांत्रिकीची मुलं तिच्यासाठी पाइपाची गाडी वेल्ड करून नेऊ लागली. तेव्हा 'हे आपलं काम नाही' असं कुणी म्हणू नये.

संत्रापट्ट्यात तर अशा गाडीची खरी गरज आहे. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांमधून कलमं दूरवर जातात. वाफ्यापासून रस्त्यापर्यंत कलमांच्या पिशव्या न्यायच्या, बागेतून क्रेट बाहेर काढायचे, फवारणीची टाकी ओढायची, एवढ्यासाठी ट्रॅक्टर घातला की ठिबकच्या नळ्या दबतात आणि माती बसते. चार-साडेचारशे किलोची, दोन माणसं आणि चार क्रेट नेणारी गाडी बागेत शोभते. पण ती गाडी चारच ठिकाणी जमिनीला टेकते. इंजिन कितीही चांगलं असलं, वेल्डिंग कितीही सरळ असलं, तरी ब्रेक, वळण आणि ओढ ही सगळी त्या चार ठिकाणांतूनच जमिनीत जातात.

म्हणून पहिलं काम वजनाचं. आपल्याकडे प्रत्येक संत्रा व्यापाऱ्याजवळ इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा असतो, क्रेट तोलण्याचा. हलक्या गाडीच्या एका चाकावर शंभर-दोनशे किलोच येतात, त्यामुळे तीनशे किलोचा काटा पुरतो. मोठ्या ट्रकच्या धर्मकाट्यापेक्षा हाच बरा, कारण मोठा काटा पाच-दहा किलोच्या टप्प्यानं आकडा दाखवतो आणि एवढी चूक हलक्या गाडीला परवडत नाही. सपाट फरशीवर गाडी घ्या. एक चाक काट्यावर ठेवा, बाकीच्या तीन चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या किंवा विटा ठेवा. ही उंची सारखी नसेल तर गाडी एका कोपऱ्यावर झुकते आणि आकडा खोटा येतो. चालवणारा जागेवर बसलेला असावा, पेट्रोल भरलेलं असावं, आणि नेहमी जितका माल नेणार तितका माल मागं ठेवलेला असावा. चारही चाकांचे आकडे वहीत लिहा.

समजा गाडी रिकामी ४२० किलो, चालवणारा ६५ आणि चार भरलेले क्रेट मिळून ८०. एकूण ५६५. इंजिन मागं असेल तर पुढच्या चाकांवर ११० आणि ११५, मागच्यांवर १७० आणि १७० असं काहीसं येईल. आता टायरच्या कडेवर काय छापलं आहे ते बघा. '१४५/८० आर १२' यात १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १२ म्हणजे डिस्कचा व्यास इंचात. त्यापुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. तो आकडा भाराचा सांकेतिक क्रमांक आहे: ६५ असेल तर टायर २९० किलो पेलतो, ७४ असेल तर ३७५. अक्षर वेगाचं असतं, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत.

आता तुमच्या १७० किलोंशी हे ताडून बघा. मोटारीच्या सगळ्यात लहान टायरलाही तुमच्या गाडीचा भार निम्म्याच्या आसपास आहे. तेव्हा टायर भारानं बसेल ही भीती सोडा. हलक्या गाडीला भीती उलटी असते: टायर गाडीपेक्षा फार मजबूत निघतो.

हे नीट समजून घ्या, कारण आपल्या भागात हमखास होणारी चूक हीच आहे. संत्रा वाहणाऱ्या टाटा एसचा, म्हणजे छोट्या हत्तीचा, टायर १४५ आर १२ एलटी, आठ प्लायचा असतो. अल्टो ८०० चा टायर १४५/८० आर १२. दोन्ही बारा इंची. दोघांचा व्यासही जवळपास सारखाच, साडेत्रेपन्न-चोपन्न सेंटिमीटर. दुकानदार म्हणतो, हा घ्या, मजबूत आहे, बाभळीचा काटा लागणार नाही, दहा वर्षं टिकेल. आणि डिस्कवर तो बसतोही. पण एसचा टायर एका चाकावर सुमारे ५०० किलो पेलण्यासाठी केलेला आहे, आणि त्यात साठ पौंडांच्या घरात हवा भरायची असते. त्याची कड जाड आणि ताठ. तुमच्या १७० किलोंनी ती कड वाकत नाही, पुढच्या ११० किलोंनी तर नाहीच. टायर जमिनीवर पसरत नाही, नुसता टेकतो. गाडी प्रत्येक खड्ड्यावर उडते, आणि उडालेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण. शिवाय रबराला पकड यायला ते थोडं गरम व्हावं लागतं. टायर वाकतो, घुसळला जातो, तेव्हाच गरम होतो. जो टायर वाकतच नाही तो डांबरावर थंडच राहतो आणि ओल्या सिमेंट रस्त्यावर घसरतो. एसचा टायर एसला उत्तम आहे. तुमच्या गाडीला तो लावू नका, फुकट मिळाला तरी.

मग लावायचा कोणता? ज्यांनी हा हिशेब कारखान्यात बसून केला त्यांचं उत्तर बघा. बजाजनं वाळूजला बनवलेली क्यूट ही चारशे किलोंच्या आसपासची गाडी आहे. तिला टायर दिला १३५/७० आर १२. पुण्यात आखलेल्या, २००८ मध्ये दिल्लीत सादर झालेल्या टाटा नॅनोचं वजन सहाशे किलोंच्या जवळ. तिला पुढे १३५/७० आर १२ आणि मागे १५५/६५ आर १२. मारुती ८०० ला १४५/७० आर १२. इंग्लंडमध्ये १९५७ पासून लोटस सेव्हन नावाची गाडी सुट्या भागांच्या पेटीतून विकली जायची आणि लोक ती घरी जोडायचे. १९७३ पासून तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे आहेत. त्या घराण्यातली सुझुकीच्या छोट्या इंजिनाची सेव्हन १७० ही ४४० किलोची गाडी आहे आणि मजेसाठी, वेगात वळणं घेण्यासाठीच बनवलेली आहे. तिलासुद्धा त्यांनी १५५/६५ आर १४ चाच टायर लावला. जगात कुठलाही टायर घेऊ शकणाऱ्या माणसांनी आपल्या हलक्या गाडीला १५५ ची रुंदी पुरेशी मानली, हे १८५ आणि १९५ चे टायर मागणाऱ्या प्रत्येक पोरानं लक्षात ठेवावं.

आणखी एक गाडी आपल्या शेतकऱ्याला जवळची वाटेल. फ्रान्सची सित्रोएन टू सीव्ही, १९४८ ची. ती आखतानाच अट अशी होती की नांगरलेल्या वावरातून टोपलीभर अंडी न फुटता नेता आली पाहिजेत. तिचा टायर बघाल तर उंच आणि सव्वाशे मिलिमीटर रुंद, मोटरसायकलच्या टायरशी नातं सांगणारा. कड उंच असल्यानं खड्डा आधी टायरच खाऊन टाकायचा, पुढचं काम स्प्रिंगकडे जायचं. पांदण रस्त्यानं जाणाऱ्या गाडीला हेच पाहिजे. १४५/८० च्या टायरची कड ११६ मिलिमीटर उंच असते. १७५/५० ची साडेसत्त्याऐंशी. मधल्या साडेअठ्ठावीस मिलिमीटरांत तुमच्या डिस्कचं आणि मणक्याचं नशीब आहे.

रुंद टायरनं जमिनीला जास्त रबर टेकतं असा पक्का समज आहे. तो जवळजवळ चुकीचा आहे. टायरला उचलून धरते ती आतली हवा. चाकावरचा भार भागिले हवेचा दाब, ढोबळमानानं तेवढीच जागा जमिनीला टेकते. मागच्या चाकावर १७० किलो आहेत. हवा ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलो. टेकलेली जागा ८१ चौरस सेंटिमीटर. हवा २० पौंड केली तर हीच जागा १२१ होते. टायर तोच, डिस्क तीच, खर्च शून्य, आणि टेकलेलं रबर दीडपट. रुंद टायर लावून तुम्ही या जागेचा फक्त आकार बदलता: ती आडवी रुंद आणि उभी आखूड होते. जागा वाढवायची तर हवा बघा.

म्हणून पंक्चरवाल्याला 'तीस-तीस टाक' म्हणण्याची सवय या गाडीपुरती मोडा. चार-पाचशे किलोच्या गाडीला २० ते २२ पौंडांपासून सुरुवात करा आणि मग टायरलाच विचारा. सकाळी टायर थंड असताना हवा मोजा, स्वतःच्या गेजनं. टायरच्या नक्षीवर खडूची आडवी रेघ ओढा, सरळ सिमेंट रस्त्यावर थोडं अंतर चालवा आणि रेघ बघा. फक्त मधली पुसली गेली तर हवा जास्त. फक्त कडेची पुसली गेली तर कमी. सारखी पुसली गेली की तो आकडा वहीत लिहा, पुढचा वेगळा आणि मागचा वेगळा. कारण पुढे ११० आणि मागे १७० किलो असताना दोन्हीकडे सारखी हवा असण्याचं काहीच कारण नाही.

हवा कमी करण्यालाही खालची हद्द आहे. फार कमी केली तर वळणावर टायर डिस्कवरून सुटतो, आणि ट्यूबलेस असेल तर क्षणात सगळी हवा जाते. पाण्याचाही हिशेब आहे. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना एका वेगाच्या पुढे टायर पाण्यावर चढतो आणि गाडी होडीसारखी वाहते. हा वेग हवेच्या दाबावर ठरतो. ढोबळ सूत्रानं ३० पौंडांना तो ताशी नव्वदच्या आसपास येतो, २० पौंडांना पंचाहत्तरच्या. हलकी गाडी, कमी हवा आणि वर रुंद टायर असं तिन्ही जमलं की पाणी बाजूला ढकलायला जोरच उरत नाही. कमी हवेबरोबर टायर अरुंद पाहिजे तो यासाठी. उन्हाळ्याचंही सांगून ठेवतो. वऱ्हाडात पारा ४५ च्या पुढे जातो. दर पाच-सहा अंशांना एखादा पौंड दाब वाढतो, त्यामुळे दुपारी गेज बघून कुणी गरम टायरची हवा सोडू नये. संध्याकाळी तो टायर बसलेला मिळेल.

बागेत चालवणार असाल तर हवेचा प्रश्न फक्त गाडीचा राहत नाही, झाडाचाही होतो. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात. टायरमध्ये जितके पौंड हवा, साधारण तितकाच दाब वरच्या मातीवर येतो. एसच्या टायरमधली साठ पौंडांची हवा आणि हलक्या टायरमधली अठरा-वीस पौंडांची हवा यांतला फरक काळ्या मातीला लगेच कळतो, आणि दबलेल्या मातीत पाणी साचलं की मूळकुज ठरलेली. पीथमपूरच्या बाहा गाड्यांचे टायर सात-दहा पौंडांवर पळतात ते याच हिशेबानं, जमिनीवर तरंगण्यासाठी. फक्त बागेतच राहणाऱ्या, डांबरावर कधीच न येणाऱ्या गाडीला तसे टायर मी बिनदिक्कत सुचवेन. दोन्हीकडे चालवायची असेल तर मोटारीचाच टायर बरा.

रोपवाटिकावाल्यांना इथे हात जोडून एक विनंती आहे. डिंक्या आणि मूळकुज यांची फायटोफ्थोरा बुरशी मातीतून पसरते, आणि टायरच्या खाचेत बसलेली माती ती एका बागेतून दुसऱ्या बागेत नेते. खोल गट्ट्यांचा, ट्रॅक्टरसारखा टायर दिसायला दमदार असतो, पण त्याच्या खाचांत काळी माती अशी बसते की धुतली तरी निघत नाही. उघड्या, उथळ नक्षीचा टायर घ्या आणि रोगट बागेतून आलेली गाडी धुतल्याशिवाय कलमांच्या वाफ्याजवळ नेऊ नका. रुंद डिस्क लावून चाक अंगाबाहेर काढलं असेल तर ते झाडाच्या बुंध्याला घासतं. साल सोलली की डिंक्याला दारच उघडलं. शेंदूरजनाघाटचं नाव कलमांवर उभं आहे. ते गाडीच्या चाकानं घालवायला नको.

अंगाबाहेर काढलेल्या चाकाचा गाडीलाही त्रास आहे. चाक हबवर बसतं ती जागा डिस्कच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे, याला ऑफसेट म्हणतात. मूळ डिस्कचा ऑफसेट असा ठेवलेला असतो की स्टिअरिंग ज्या रेषेभोवती फिरतं ती रेषा जमिनीला टायरच्या मध्याजवळ भेटते. स्पेसर घालून किंवा रुंद अलॉय लावून चाक बाहेर सरकवलं की ही भेट चुकते. मग प्रत्येक खड्डा हातात झटका देतो, एका बाजूचं चाक मातीत गेलं की गाडी तिकडे ओढते, आणि बेअरिंगवर पडणारा पीळ वाढतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या घरच्या गाडीत हे दुसऱ्याच दिवशी कळतं. ज्या गाडीचा हब घेतला त्याच गाडीची मूळ डिस्क लावा. दिसायला साधी असेल, असू द्या.

वजनाचीही हीच गोष्ट. बारा इंची पोलादी डिस्क आणि १४५ चा टायर मिळून दहा-बारा किलो भरतात. पंधरा इंची अलॉय आणि १८५ चा टायर सहज पाच किलो जास्त. चार चाकांचे वीस किलो. पण हे वीस किलो स्प्रिंगच्या खालचे आहेत. गाडी जितकी हलकी तितकं खालचं वजन तिला जास्त हलवतं, कारण उसळणाऱ्या चाकाला दाबून धरायला वर वजनच नसतं. विजेवर चालणारी गाडी करणाऱ्यांनी हबमधल्या मोटरचं वजनही यातच धरावं. घेण्याआधी डिस्क-टायर त्याच काट्यावर ठेवून तोला.

व्यास बदलला की गिअर बदलल्यासारखं होतं, हे बरेच जण विसरतात. हिशेब सोपा आहे: डिस्कचे इंच गुणिले २५.४, अधिक कडेची उंची दोनदा. १४५/८० आर १२ चा व्यास ५३७ मिलिमीटर येतो, १६५/७० आर १४ चा ५८७, आणि १३५/७० आर १२ चा ४९४. अल्टोचं इंजिन, गिअर, एक्सल सगळं तसंच ठेवून चौदा इंची टायर लावला तर गाडी जमिनीपासून पंचवीस मिलिमीटर उंच होईल, पण चाकावरची ओढ आठ-नऊ टक्क्यांनी घटेल आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवेल. उलट १३५/७० लावला तर ओढ तितकीच वाढेल आणि गाडी एकवीस मिलिमीटर खाली बसेल. मोटरसायकलचं इंजिन असेल तर ओढ मोलाची, लहान व्यास घ्या. ८०० चं किंवा अल्टोचं इंजिन साडेचारशे किलोच्या गाडीला भरपूर होतं, तिथे १४५/८० आर १२ च ठेवा. वरुड तालुक्यात हलकी गाडी बांधणाऱ्या दहापैकी आठ जणांना माझं उत्तर हाच टायर असेल. उंची पुरेशी, कड उंच, वजन कमी, आणि अल्टो गावोगाव असल्यामुळे कुठल्याही दुकानात मिळणारा. टायर गावात मिळणं ही लहान गोष्ट नाही. ऐन आंबिया बहाराच्या तोडीत टायर गेला आणि तो आकार नागपूरहून मागवायची वेळ आली, तर गाडी आठवडाभर विटांवर उभी राहते.

नॅनोचं इंजिन मागं घेऊन गाडी बांधणाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. नॅनोचा मागचा टायर पुढच्यापेक्षा रुंद आहे तो दिखाव्यासाठी नाही. वजन मागं असलं की वळणावर गाडीचं मागचं अंग बाहेर फेकलं जाऊ पाहतं, आणि ते सुटलं तर नवख्या हाताला सावरत नाही. मागं जास्त पकड ठेवून कारखान्यानं ते आवरलं. तुम्ही चारही टायर सारखे केले, किंवा घासलेली जोडी मागं टाकली, तर तो आवर गेला. पुढे १३५, मागे १५५, जसं आहे तसं ठेवा. इंजिन कुठेही असलं तरी चांगली जोडी मागं लावा. एकाच एक्सलवर दोन वेगळ्या कंपन्यांचे, वेगळ्या नक्षीचे टायर नकोत.

नॅनोच्या चाकाला तीन नट, मारुती ८०० ला चार. नटांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, जुळला नाही म्हणून हबला किंवा डिस्कला नवी भोकं पाडणारे वेल्डर आहेत. तसं करू देऊ नका, तडा तिथूनच जातो. नटाचा उतार डिस्कच्या भोकाशी जुळतो का तेही बघा. नवं चाक लावल्यावर थोडं चालवून नट पुन्हा आवळा.

जुना टायर घेताना त्याच्या कडेवरचा चार अंकी आकडा वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर दिसत असली तरी वऱ्हाडच्या उन्हात पाच-सहा वर्षं पडून राहिलेलं रबर लाकडासारखं होतं. नखानं दाबा, कडेला बारीक भेगा आहेत का बघा. खाचेची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कायद्यानंही बाद आहे. रिमोल्ड टायर पुढच्या चाकाला कधीच नको. आणि टायर चार नाही, पाच घ्या. स्टेपनी त्याच मापाची पाहिजे.

शेवटचं आणि सगळ्यात गरजेचं. घरी बांधलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी गाडीच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते. देवराष्ट्रेच्या जीपचं देशभर कौतुक झालं, तरी तिलाही हाच नियम होता. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. शेंदूरजनाघाट ते वरुड रस्त्यावर तुमच्या गाडीनं कुणाला धक्का लागला, तर भरपाई तुमच्या घराला भरावी लागेल, प्रसंगी वावर विकून. गाडी स्वतःच्या बागेत चालवा, स्पर्धेच्या मैदानावर पट्टा बांधून आणि हेल्मेट घालून चालवा, आणि तिथवर ती ट्रॉलीत घालून न्या. आईवडिलांनी किल्ली देताना हे एकदा मुलाकडून कबूल करून घ्यावं, ही माझी विनंती आहे.